नव्वद दिवस आणि पस्तीस मिनिटं: गाडीच्या विम्यात पडणाऱ्या खंडाचा इतिहास

(हे आमच्या भागाचं लेखी रूप आहे. बोलताना झालेली पुनरावृत्ती काढली आहे, बाकी बोललो तसंच ठेवलं आहे.)

आजचा विषय नुसता ऐकला तर तुम्ही भाग बंद कराल, म्हणून आधी घरातली गोष्ट सांगतो.

आमच्या बाबांची गाडी आहे. आठ वर्षं जुनी, एकाच विमा कंपनीकडे पहिल्यापासून. गेल्या वर्षी रिन्यू करायची वेळ आली तेव्हा मी म्हटलं, "बाबा, या वेळी कंपनी बदलू, दुसरीकडे बराच कमी प्रीमियम दिसतोय." काम माझ्याकडे आलं. त्याच आठवड्यात ऑफिसात रिलीज होतं. जुन्या कंपनीच्या एजंट काकांना फोन केला तर ते म्हणाले, "अरे, संपली तरी नव्वद दिवस असतात, काय घाई आहे?" मला हेच ऐकायचं होतं. मी निवांत झालो.

सहाव्या दिवशी नव्या कंपनीच्या साइटवर बसलो, तर पहिलाच प्रश्न: आधीची पॉलिसी संपली आहे का? "हो" म्हटल्यावर गाडीची तपासणी आली. चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, चासी नंबर दाखवा, मग बघू. ते सगळं उरकेपर्यंत रात्र झाली. जेवताना बाबा सहज म्हणाले, "परवा कराडहून येताना खंबाटकीच्या उतारावर एक बाइकवाला एकदम समोर आला. ब्रेक लागला म्हणून बरं." आणि त्यांनी पुढची भाकरी वाढून घेतली.

माझा घास मात्र तिथेच अडकला. कारण तोपर्यंत मी पॉलिसीची कलमं वाचली होती. ते नव्वद दिवस खरे आहेत, पण ते विम्याचे नाहीतच. त्या दिवशी काही झालं असतं, तर त्या बाइकवाल्याच्या घरच्यांना द्यायची भरपाई कुठल्याही कंपनीने दिली नसती. ती आमच्या घरावर आली असती. आणि आमच्याकडे तेवढे नसते, तर त्या लोकांना काहीच मिळालं नसतं.

मग मी शोधत बसलो की हे नव्वद दिवस आले कुठून, आणि विमा बरोबर कोणत्या मिनिटाला सुरू होतो हे ठरवलं कोणी. आजचा भाग त्यावर.

पैसे कोणासाठी?

सुरुवात इंग्लंडपासून करावी लागेल, कारण आपला मोटार कायदा तिथल्याच साच्यातला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तिथे मोटारीचा विमा मिळायचा, पण तो ऐच्छिक होता. ज्याला आपल्या गाडीची आणि खिशाची काळजी, तो घ्यायचा. रस्त्याने चालणाऱ्या माणसाचा त्यात काही संबंध नव्हता.

१९२८ मध्ये तिथल्या कोर्टापुढे एक प्रकरण आलं. एका मोटार कंपनीच्या गाडीने पादचाऱ्याला उडवलं. कंपनीचा विमा होता. पण भरपाई हातात पडायच्या आधीच कंपनीचं दिवाळं निघालं. विम्याचे पैसे आले ते थेट दिवाळखोरीच्या खात्यात, आणि बाकीच्या सगळ्या देणेकऱ्यांमध्ये वाटणीला लागले. म्हणजे ज्याच्या जखमेमुळे ते पैसे आले, तोही रांगेत उभा, आणि कंपनीला माल पुरवणारे व्यापारीही त्याच रांगेत.

यावर १९३० मध्ये दोन कायदे आले. एकाने सांगितलं की मालकाचं दिवाळं निघालं तर जखमी माणूस थेट विमा कंपनीकडे मागू शकतो. दुसरा म्हणजे रोड ट्रॅफिक ॲक्ट. त्याने थर्ड पार्टी विमा सक्तीचा केला. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्याने ही सक्ती १९२७ मध्येच आणली होती.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, पुढे सतत लागणार आहे. सक्तीचा विमा तुमच्यासाठी आलेला नाही. तो तुमच्या गाडीसमोर येणाऱ्या अनोळखी माणसासाठी आला. प्रीमियम तुम्ही भरता, पण हक्क त्याचा.

कायदा १९३९ चा, सक्ती १९४६ ची

आपल्याकडे १९१४ चा मोटार वाहन कायदा होता. त्यात नोंदणी होती, लायसन्स होतं, सक्तीचा विमा नव्हता. १९३९ मध्ये नवा कायदा आला आणि त्याच्या आठव्या प्रकरणात थर्ड पार्टी विम्याची सक्ती लिहिली गेली. पण ते प्रकरण प्रत्यक्ष लागू झालं १ जुलै १९४६ ला. मधे अख्खं महायुद्ध होऊन गेलं. कायदा पुस्तकात आहे आणि रस्त्यावर नाही, अशी सात वर्षं गेली. भारतातल्या मोटार विम्याच्या इतिहासातला पहिला खंड हाच म्हणायचा.

१९५६ च्या दुरुस्तीने मोटार अपघात दावा न्यायाधिकरणांची सोय झाली, म्हणजे अपघातग्रस्ताला नेहमीच्या दिवाणी कोर्टाच्या रांगेत उभं राहायची गरज उरली नाही. आणि आजचा १९८८ चा कायदा १ जुलै १९८९ पासून लागू झाला. त्याचं कलम १४६ सांगतं की विम्याशिवाय गाडी सार्वजनिक जागी वापरायची नाही. "नव्वद दिवस चालेल" असं त्यात कुठेही नाही. एक दिवसही नाही.

चार कंपन्या, एकच भाव

आता मधला काळ. १ जानेवारी १९७३ पासून सर्वसाधारण विमा व्यवसायाचं राष्ट्रीयीकरण झालं. १०७ विमा कंपन्या एकत्र करून चार केल्या: मुंबईची न्यू इंडिया, कोलकात्याची नॅशनल, दिल्लीची ओरिएंटल आणि चेन्नईची युनायटेड इंडिया. यातली न्यू इंडिया १९१९ मध्ये दोराबजी टाटांनी सुरू केलेली.

दर ठरवायची टॅरिफ ॲडव्हायझरी कमिटी. गाडी किती सीसीची, किती जुनी, कुठल्या शहरात नोंदवलेली, यावरून एक तक्ता. २००२ च्या तक्त्यात देशाचे दोन झोन होते. पुणे आणि मुंबई दोन्ही 'ए' झोनमध्ये, साताऱ्याची गाडी 'बी' मध्ये. चारही कंपन्यांचा तक्ता तोच.

तेव्हा माझ्या बाबांच्या पिढीला "कंपनी बदलू का?" हा प्रश्न का पडला नाही, हे इथे कळतं. भाव सगळीकडे सारखाच, मग बदलून मिळणार काय? एजंट ओळखीचा आहे ना, बस. पॉलिसीचं नातं माणसाशी होतं. तारीख जवळ आली की एजंट काका घरी येणार, चहा घेणार, चेक घेणार आणि कव्हर नोट फाडून देणार. कव्हर नोट म्हणजे पॉलिसी छापून येईपर्यंतचा तात्पुरता कागद, ६० दिवस चालणारा. खंड पडू न देणं हे काकांचं काम होतं. आपण ते काम काकांकडून काढून घेतलं आणि स्वतः करायला विसरलो. निदान मी तरी विसरलो.

तारीख की वेळ?

माझा रोजचा धंदा कोड लिहिण्याचा आहे, त्यामुळे हा भाग वाचताना मी खुर्चीत सरसावून बसलो. डेटाबेसमध्ये नुसती तारीख ठेवायची की तारखेसोबत वेळही, या एका चुकीवर आम्ही रात्री जागवल्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाने नेमका हाच प्रश्न सोडवला, फक्त तिथे माणसं गेलेली होती.

पहिलं प्रकरण. एका गाडीचा विमा ३१ ऑगस्ट १९८४ ला संपला. मालकाने वेळेत रिन्यू केला नाही. नवा विमा घेतला २८ सप्टेंबरला, आणि त्याच दिवशी अपघात झाला. कंपनी म्हणाली, अपघात आधी झाला. प्रकरण वरपर्यंत गेलं. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की पॉलिसी ज्या तारखेची आहे, ती त्या तारखेच्या सुरुवातीपासून, म्हणजे मध्यरात्रीपासून लागू धरायची. कंपनीला पैसे द्यावे लागले.

पण काही पॉलिसींच्या कागदावर वेळही लिहिलेली असायची. "अमुक तारखेला इतके वाजल्यापासून."

दुसरं प्रकरण १९८३ च्या ऑक्टोबरमधल्या अपघाताचं. सकाळी अपघात, आणि त्याच दिवशी दुपारी ४ वाजता रिन्यूअल. कागदावर वेळ स्पष्ट लिहिलेली होती. इथे न्यायालय म्हणालं, वेळ लिहिली असेल तर विमा त्या वेळेपासूनच. मध्यरात्रीचा नियम फक्त वेळ लिहिलेली नसेल तेव्हाचा.

तिसरं प्रकरण डिसेंबर १९९१ मधलं. दुपारी २ वाजून २० मिनिटांनी अपघात, २ वाजून ५५ मिनिटांनी विमा. पस्तीस मिनिटं. न्यायालयाने ठरवलं की विमा कंपनी जबाबदार नाही, मालक जबाबदार.

विचार करा. एकाच प्रकारची चूक, तीन घरं. पहिल्या प्रकरणात अठ्ठावीस दिवस विमा नव्हता आणि तरी कंपनीने भरपाई दिली, कारण कागदावर वेळ नव्हती. तिसऱ्यात फक्त पस्तीस मिनिटं चुकली आणि दिली नाही, कारण वेळ होती. भरपाईचा अधिकार दोन्हीकडे असतोच, प्रश्न देणारा कोण हा असतो. कंपनीकडून चेक येतो. गाडीमालकाकडून येईलच याची खात्री नाही.

याच्या उलट बाजूचे निकालही आहेत. विमा कायद्याचं कलम ६४ व्हीबी सांगतं की आधी प्रीमियम, मग जोखीम. पण कंपनीने चेक घेऊन पॉलिसी दिली आणि नंतर चेक वटला नाही तर? न्यायालयाने २०१२ मध्ये मांडलेली भूमिका अशी: पॉलिसी रद्द केल्याचं मालकाला अपघाताच्या आधी कळवलेलं नसेल, तर अनोळखी माणसाला भरपाई कंपनीने द्यायची. त्या माणसाने काही तुमचा चेक बघून रस्ता ओलांडलेला नसतो.

नव्वद दिवस कुठून आले

२००० नंतर खासगी कंपन्यांना दार उघडलं. १ जुलै २००२ पासून नवं मोटार टॅरिफ आलं. दर अजून तक्त्यातलेच, पण कंपन्या आता बऱ्याच. त्यामुळे एका कंपनीतून दुसरीकडे जाणाऱ्या ग्राहकाचे नियम त्यात नीट लिहिलेले सापडतात.

यातला मुख्य म्हणजे नो क्लेम बोनस. एक वर्ष दावा केला नाही तर स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर २० टक्के सूट, मग २५, ३५, ४५ आणि पाचव्या वर्षी ५०. थर्ड पार्टीच्या प्रीमियमवर ही सूट नाही. आणि बोनस मिळतो माणसाला. तो गाडीला चिकटलेला नसतो, कंपनीलाही नाही. गाडी विकली तरी तुमचा, कंपनी बदलली तरी तुमचा.

पण नव्या कंपनीने तुमच्यावर विश्वास कसा ठेवायचा? जुन्या कंपनीची रिन्यूअल नोटीस किंवा बोनसचं पत्र दाखवा. नसेल तर सही करून लिहून द्या की मी दावा केलेला नाही. मग नव्या कंपनीने २१ दिवसांत जुन्या कंपनीला नोंदणीकृत टपालाने विचारायचं, आणि तिने ३० दिवसांत उत्तर द्यायचं. दोन कंपन्यांमधला एपीआय, टपाल खात्यावर चालणारा.

खोटं लिहून दिलं तर? पॉलिसीच्या पहिल्या भागातले सगळे फायदे जप्त. पहिला भाग म्हणजे तुमच्या स्वतःच्या गाडीचं नुकसान. शिक्षा होते ती मालकाला.

आणि याच नियमात ते नव्वद दिवस आहेत. पॉलिसी संपल्यापासून नव्वद दिवसांत नवी घेतली तर साठवलेला बोनस टिकतो, नाहीतर शून्यावर येतो. इतकंच. ही सवलत तुमच्या सूटीला दिलेली मुदत आहे. एजंट काका खोटं बोलले नव्हते. मी प्रश्न चुकीचा विचारला होता. मी विचारलं, "किती दिवस आहेत?" विचारायला हवं होतं, "कशासाठी किती दिवस आहेत?" बोनससाठी नव्वद. रस्त्यावरच्या माणसासाठी शून्य.

दर सुटले आणि घड्याळं दोन झाली

१ जानेवारी २००७ पासून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे दर मोकळे झाले. प्रत्येक कंपनीचा भाव वेगळा. म्हणजे "या वर्षी कंपनी बदलू" या वाक्याला पैशाचा अर्थ आला तो तेव्हापासून. थर्ड पार्टीचे दर मात्र आजही सरकारी अधिसूचनेतून ठरतात. जून २०२२ च्या अधिसूचनेत १००० सीसीपर्यंतच्या खासगी कारला २,०९४ रुपये आणि १००० ते १५०० सीसीला ३,४१६ रुपये होते. कुठल्याही कंपनीकडे जा, तेवढेच.

मग २०१८. विक्रीच्या वेळी विमा घेतला जातो आणि पुढे रिन्यूच होत नाही, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे होता. आदेश आला: १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या कारला तीन वर्षांचा आणि नव्या दुचाकीला पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा विक्रीच्या वेळीच. पुढच्या सप्टेंबरपासून गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, दुसऱ्या कंपनीकडून घेता येऊ लागला. ऑगस्ट २०२० मध्ये तीन-पाच वर्षांची एकत्र पॅकेजं बंद झाली.

परिणाम असा की आज नव्या कारमध्ये दोन घड्याळं चालतात. गाडीच्या नुकसानीचं एका वर्षाचं आणि थर्ड पार्टीचं तीन वर्षांचं. दरवर्षी तुम्ही पहिलं बदलता, मोबाइलवर हिरवी टिक येते, वाटतं झालं. आणि तिसऱ्या वर्षी दुसरं घड्याळ गुपचूप थांबतं. सक्तीचं नेमकं तेच.

मग बदलायची कशी

इतिहास एवढा ऐकल्यावर कृती सोपी आहे.

जुनी पॉलिसी उघडा आणि दोन शेवटच्या तारखा वेगवेगळ्या लिहून काढा, थर्ड पार्टीची एक आणि गाडीच्या नुकसानीची एक. जुनी ज्या मध्यरात्री संपते, नवी त्याच मध्यरात्री सुरू व्हायला हवी. पैसे आठ-दहा दिवस आधीच भरा आणि सुरुवातीची तारीख पुढची निवडा. आलेल्या कागदावर तारीख वाचा, तिच्या पुढची वेळही वाचा. पस्तीस मिनिटं आठवा. विमा चालू असताना बदललात तर सहसा तपासणीही लागत नाही. मला लागली ती खंडामुळे.

दावा केला असेल तर बोनसच्या रकान्यात खरं लिहा. गाडीची विमा रक्कम, म्हणजे आयडीव्ही, दोन्हीकडे सारखी धरूनच भाव ताडून बघा. कमी प्रीमियम हा बऱ्याचदा कमी आयडीव्हीचा असतो.

वर्षाच्या मध्येच बदलायची असेल तर क्रम उलटा करू नका. आधी नवी घ्या, मगच जुनी रद्द करा. २००२ च्या टॅरिफमध्येही हेच होतं: गाडीला दुसरीकडे निदान थर्ड पार्टी विमा आहे याची खात्री झाल्याशिवाय जुनी रद्द करायची नाही. मात्र दोन पॉलिसी एकाच वेळी तशाच चालू ठेवू नका. त्याच टॅरिफप्रमाणे सारखं कव्हर दोनदा झालं, तर नंतर सुरू झालेली रद्द होते. म्हणजे तुम्ही हौसेने घेतलेली नवीच जायची.

आणि खंड पडलाच असेल? गाडी गेटच्या आत ठेवा. विम्याशिवाय पकडलं तर पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, पुन्हा पकडलं तर ४,०००, आणि कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची कैदही आहे. पण दंडाची भीती घालत नाही मी. दंड परवडतो.

त्या रात्री मी बाबांना सगळं सांगितलं. ते जरा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "मग मला गाडी काढू नको म्हणायचंस की." बरोबर आहे. एक फोन होता तो. प्रीमियममध्ये मी वाचवले होते अडीच हजार रुपये.

आता आमच्याकडे फ्रिजवर एक कागद चिकटवलेला आहे. त्यावर दोन तारखा आहेत. अलार्म मोबाइलमध्येही आहे, पण कागद बाबांना दिसतो. तुम्हीही आज घरी गेल्यावर तेवढं करा. आपल्या गाडीच्या दोन तारखा शोधा, आणि घरात दुचाकी असेल तर तिच्याही. सापडल्या नाहीत तर आम्हाला नाही, आधी विमा कंपनीला फोन करा.

भेटू पुढच्या भागात.